मुक्काम कोठे करावा?

(सिंधुदुर्ग जिल्ह्यातील महाविद्यालयीन युवक-युवतींच्या गिरिभ्रमण शिबिरात माहिती अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा हा संपादित मजकूर.)

मित्रहो,

मालवणच्या धक्क्यावर उभे राहून समोरचा सिंधुदुर्ग किल्ला तुम्ही लहानपणापासून पाहात आला आहात. आज मला तुमच्यापुढे डोंगरातील मुक्कामाविषयी बोलावयाचे आहे. तरीही आरंभ त्या किल्ल्यापासून करावा असे वाटते. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या जलदुर्गाच्या बांधकामास प्रारंभ केला. त्या बेटाभोवती पाण्याखाली दडलेले खडक आहेत; वाट ठाऊक नसलेल्या गलबताला ते जवळ येऊ देत नसत. चोहोबाजूंना खारा समुद्र असूनही बेटाच्या पोटात गोडे पाणी आहे. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी त्याची साक्ष देतात. ही जागा हेरताना किनाऱ्यावरील दर्यावर्दी मंडळींच्या माहितीचा आधार घेतला गेला, असेही परंपरा सांगते. म्हणजेच जागा निवडण्यापूर्वी तीन गोष्टींचा विचार झाला होता. पाणी कोठे आहे? संकट कोणत्या वाटेने येईल? आणि या जागेची खरी माहिती कोणाला आहे?

किल्ला शतकांसाठी बांधला गेला. तुमचा तंबू एका रात्रीपुरता असतो. परंतु प्रश्न तेच आहेत.

आपला जिल्हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून येणाऱ्यांचा ओढा मुख्यत्वे समुद्राकडे राहिला. अलीकडे मात्र किनाऱ्यावरची मुलेही पूर्वेकडच्या डोंगरांकडे वळू लागली आहेत. कोणी आंबोलीस जातात, कोणी नारूरवरून रांगण्याची वाट धरतात, तर कोणी शिवापूरजवळच्या मनोहर-मनसंतोषगडावर चढतात. ही आनंदाची गोष्ट होय. पाठीवरच्या पिशवीत काय असावे, याची यादी त्यांच्यापैकी प्रत्येकाजवळ असते. परंतु रात्री पाठ कोठे टेकावी, हा विचार बहुधा पाय थकल्यावर आणि अंधार पडल्यावर सुचतो. त्या वेळी माणूस जागा निवडत नाही. समोर येईल ती पत्करतो. डोंगरातील बऱ्याच अपघातांचे मूळ या पत्करण्यात असते.

पाणी जवळ असावे, शेजारी नसावे

गगनबावडा ज्यांच्या जहागिरीत होता, त्या रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केलेल्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गांविषयी सविस्तर विवेचन आहे. गड बांधण्यापूर्वी प्रथम पाण्याची खात्री करून घ्यावी, आणि एखादा झरा सापडला म्हणून तेवढ्यावर विसंबून राहू नये, असा त्यातील उपदेशाचा आशय आहे. मुक्कामालाही तो पूर्णपणे लागू पडतो. ओहोळ पावसाळ्यानंतर दोन-तीन महिन्यांत आटतात. कागदावर दाखविलेले टाके मार्चमध्ये कोरडे निघू शकते. म्हणून पाण्याची चौकशी पायथ्याच्या गावातच करावी.

परंतु गडाचा नियम येथे थोडा बदलतो. गडाच्या पोटात पाणी असावे लागते. तंबूपासून मात्र ते काही अंतरावरच असावे. हे मी स्वतः कसे शिकलो, ते थोडक्यात सांगतो.

मी महाविद्यालयात असताना आम्ही सहा मित्र ऑक्टोबर महिन्यात घाटाच्या पायथ्याशी मुक्कामाला राहिलो. व्हाळाच्या काठाला स्वच्छ, सपाट वाळू होती. पात्रात घोट्याएवढे पाणी होते. डोक्यावर आकाश निरभ्र होते. याहून उत्तम जागा कोणती, असे म्हणून आम्ही वाळूवर पथाऱ्या पसरल्या आणि तीन दगडांची चूल मांडली. दिवेलागणीच्या सुमारास पलीकडच्या वाडीतील एक वृद्ध गृहस्थ हातात कंदील घेऊन, पाण्यातून चालत आमच्याकडे आले. “रे पोरांनो, व्हाळाच्या वाटेत कित्याक निजतास? वर पाऊस पडलो हा. व्हाळ येतलो,” असे ते म्हणाले. आम्हाला हसू आले. थेंबभरही पाऊस नव्हता. त्यांनी वाद घातला नाही. कंदील पाण्याजवळ नेऊन ते म्हणाले, “बघा.” पाणी किंचित गढूळ झाले होते आणि त्यावरून वाळकी पाने वाहात येत होती.

केवळ त्यांच्या वयाचा मान राखावा म्हणून आम्ही कुरकुरत सामान उचलले आणि वरच्या अंगाला एका शेताच्या बांधावर गेलो. दोघांनी भांडी खालीच ठेवली. सकाळी नेऊ म्हणाले. रात्री दहाच्या सुमारास प्रथम दगड घरंगळल्यासारखा आवाज आला आणि मग व्हाळ आला. सकाळी वाळू नव्हती, चूल नव्हती, भांडीही नव्हती. जेथे आम्ही निजणार होतो, तेथून छातीएवढे पाणी वाहात होते. ते गृहस्थ आमच्यासाठी पाण्यातून आले होते आणि पाण्यातूनच परत गेले होते. आम्ही त्यांचे नावही विचारले नाही. ही गोष्ट आजही मनाला लागून राहिली आहे.

या घटनेमागील कारण समजून घेतले पाहिजे. आपल्याकडे घाटमाथा आणि पायथा यांत अंतर थोडे आणि उंचीतील फरक मात्र सहाशे-सातशे मीटरांचा आहे. आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाकाठी सरासरी ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो वाहून नेण्यासाठीच हे व्हाळ घडलेले आहेत. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत दुपारनंतर घाटमाथ्यावर ढग जमून एकाएकी सर कोसळते. पायथ्याशी ऊन असते, आणि थोड्याच वेळात ते पाणी खाली येऊन पोहोचते. पाण्याचा रंग पालटणे, त्यावर पाला-काटक्या येऊ लागणे, वरच्या अंगाने घरघर ऐकू येणे ही त्याची चिन्हे होत. ती दिसताच सामानाचा मोह सोडून उंचावर जावे. झुडपांच्या फांद्यांत अडकलेला जुना गवत-पाला किती उंचीवर आहे ते पाहिले, तर मागील पूर कोठवर चढला होता याचा अंदाज बांधता येतो.

पाण्याशेजारी न राहण्याची आणखी दोन कारणे आहेत. पहिले कारण जनावरांचे. उन्हाळ्यात एखाद्या कोंडीतच पाणी उरते, आणि गवा, सांबर, अस्वल, बिबट्या यांना रात्री तेथेच यावे लागते. तुम्ही काठावर विस्तव पेटवून बसलात, तर ती तहानलेली परत जातील किंवा बिथरतील. दुसरे कारण माणसांचे. तुम्ही ज्या झऱ्यात साबणाने भांडी घासता, तोच झरा खालच्या वाडीच्या नळात किंवा पाटात गेलेला असतो. म्हणून तंबू, चूल आणि शौचाची जागा ही पाण्यापासून किमान ६० मीटर, म्हणजे सुमारे ८० पावले दूर आणि पाण्याच्या पातळीहून उंचावर असावी. शौचासाठी वीतभर खोल खड्डा घेऊन तो मातीने बुजवावा. धुण्याचे पाणी ओढ्यात न टाकता दूर मातीवर पसरावे.

वारा, वीज आणि थंडी

पाण्याच्या भीतीने काही मंडळी दुसऱ्या टोकाला जातात आणि थेट कड्यावर किंवा उघड्या सड्यावर तंबू ठोकतात. सूर्योदय तेथून सुंदर दिसतो, यात शंका नाही. पण जांभ्याच्या कातळात तंबूची खुंटी शिरत नाही, आणि दऱ्यांतून वर चढणारा वारा कड्यावर सर्वांत जोरात आदळतो. पावसाळ्याच्या तोंडाशी आणि पावसाळा संपताना विजेचे भय असते. उघड्या सड्यावर उभा असलेला माणूस हाच तेथील सर्वांत उंच पदार्थ ठरतो. एकट्या झाडाखाली किंवा गुहेच्या तोंडाशी आसरा घेणे हेही तितकेच घातक. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तीनने भागले, की वीज सुमारे किती किलोमीटरवर पडली ते कळते. परंतु तो हिशेब करीत बसू नये. गडगडाट ऐकू आला याचाच अर्थ आपण विजेच्या टप्प्यात आहोत. वेळीच खाली उतरून पक्क्या इमारतीत जावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ नावाचे ॲप विजेच्या पूर्वसूचनेसाठी तयार केले आहे. गावातून निघण्यापूर्वी ते पाहावे, कारण वर गेल्यावर दूरध्वनीला संपर्कच नसण्याचा संभव असतो.

हिवाळ्यात दरीचा अगदी तळही टाळावा. सूर्य मावळल्यावर उतारावरची हवा थंड व जड होऊन खाली सरकते आणि खोलगट जागी साचते. म्हणून तळाशी थंडी आणि दव अधिक असते, तर उताराच्या मध्यावरील सपाटी त्या मानाने उबदार राहते. अशी सपाटी, वाऱ्याच्या बाजूला झाडोऱ्याचा आडोसा, आणि पाणी वाहून जाईल इतपत किंचित उतार, हे चांगल्या तळाचे लक्षण होय. मात्र झाडाखाली तंबू उभारण्यापूर्वी एकदा मान वर करून पाहावे. वाळकी फांदी असेल, तर ती वाऱ्याने कधी खाली येईल याचा नेम नाही.

पायाखालचे जग

आता जमिनीकडे वळू. कोकणच्या कातळावर फुरसे हा साप पुष्कळ आढळतो. तो लहान असतो, मातीच्या रंगाचा असतो, दिवसा दगडांच्या फटीत राहतो आणि रात्री बाहेर पडतो. लाल विंचवाचेही असेच. म्हणून गडग्याला टेकून, दगडांच्या राशीजवळ किंवा पाचोळ्यावर अंथरूण घालू नये. चुलीसाठी दगड उचलताना प्रथम काठीने हलवावा. रात्री बाहेर पडताना विजेरी हवीच, आणि सकाळी बूट झटकल्यावाचून पाय आत घालू नये.

सर्पदंश झाल्यास चिरणे, चोखणे, घट्ट आवळून बांधणे यांपैकी काहीही करू नये. दंशाचा अवयव हलू न देता रुग्णास रुग्णालयात न्यावे. फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. प्रारंभी काही वाटत नाही म्हणून स्वस्थ राहिलेल्याला पुढे रक्तस्राव होऊ शकतो. विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग किती परिणामकारक होतो, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिले आहे. तेव्हा मांत्रिकाकडे वेळ दवडण्याचे कारण उरलेले नाही. मुक्कामाची जागा निवडताना म्हणूनच आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा: मध्यरात्री एखाद्याला उचलून न्यावे लागले, तर येथून गाडीरस्ता किती अंतरावर आहे?

दुसरे संकट डोळ्यांना दिसेल न दिसेल इतके लहान आहे. माकडताप हा रोग १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात प्रथम आढळला. २०१६ मध्ये आपल्या दोडामार्ग तालुक्यातील केर गावात त्याचे रुग्ण आढळले. गोचिडीच्या चाव्याने तो माणसाला होतो, आणि पावसाळा संपल्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत, विशेषतः जानेवारीपासून पुढे, त्याचा धोका वाढतो. जंगलातील पाचोळा, गुरांच्या बसण्याच्या जागा आणि माकडांचा वावर असलेली झाडे यांच्याखाली बसू अगर निजू नये. अंगभर कपडे घालावेत, आरोग्य खात्याने सांगितलेले गोचीड-प्रतिबंधक तेल लावावे, आणि संध्याकाळी एकमेकांचे अंग तपासावे. मेलेले माकड दिसल्यास त्याला हात न लावता तेथून दूर व्हावे व जवळच्या आरोग्य केंद्रास कळवावे. परतल्यानंतर आठवडाभरात ताप आला, तर आपण जंगलात राहिलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आग्या मोहोळाचा उल्लेख केल्यावाचून हा भाग पुरा होणार नाही. गडांच्या कड्यांना आणि उंच झाडांना ही मोहोळे लटकलेली असतात. धूर आणि उग्र अत्तराचा वास यांनी माश्या चवताळतात. तळाच्या आसपास मोहोळ दिसले, तर तेथे चूल पेटवू नये. दुसरी जागा पाहावी.

सड्यावरचे रहिवासी

आतापर्यंत आपल्या सुरक्षिततेचा विचार केला. परंतु ज्या जागेवर आपण उतरतो, ती रिकामी असते असे समजण्याचे कारण नाही. पहिल्या पावसात आंबोलीच्या सड्यावर जांभ्याच्या उथळ खळग्यांत पाणी साचते. आपल्याला ते डबके वाटते. त्या डबक्यात एक लहानसा भेक अंडी घालतो. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी नवीन प्रजाती म्हणून त्याची नोंद केली, आणि अस्तित्वास अत्यंत धोका असलेल्या प्राण्यांत आज त्याची गणना होते. त्याचा प्रदेश फार लहान आहे आणि अंडी घालण्याचा काळ अवघ्या थोड्या दिवसांचा असतो. त्या दिवसांत सड्यावर तंबू ठोकणे, गाड्या फिरविणे किंवा खळग्यांत भांडी विसळणे म्हणजे त्याची एक पिढी नाहीशी करणे होय. आंबोलीच्याच हिरण्यकेशीच्या उगमस्थानी आढळलेल्या एका छोट्या माशाची नवी प्रजाती म्हणून नोंद २०२० मध्ये झाली, आणि २०२१ मध्ये शासनाने त्या परिसराला जैविक वारसा स्थळाचा दर्जा दिला. तुमच्या गावाच्या नावाने जग एखादा जीव ओळखते, ही लहान गोष्ट नव्हे.

तळ शक्यतो तेथेच असावा जेथे पूर्वीही लोक उतरत आले आहेत. नवी जागा साफ करण्यासाठी झुडपे तोडू नयेत, चर खणू नयेत. विस्तवाऐवजी लहान स्टोव्ह वापरावा. फेब्रुवारीनंतर घाटातील गवत इतके वाळलेले असते, की एका ठिणगीने डोंगर पेटतो; आणि वणवा लागला की गुरांचा चारा व काजूच्या बागा गावकऱ्यांच्या जातात, तंबूवाल्यांच्या नव्हेत.

जागा कोणाची?

अखेरचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा की जागा कोणाची आहे. सह्याद्रीतील मोकळी दिसणारी प्रत्येक जमीन कोणाची तरी असते. राखीव जंगल आणि अभयारण्य यांत मुक्कामासाठी वन विभागाची परवानगी लागते. राखीव जंगलात विस्तव पेटविणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे. संरक्षित स्मारक असलेल्या गडावर राहता येते की नाही, हे पुरातत्त्व विभागाकडून आधी जाणून घ्यावे. दोडामार्ग भागात २००२ पासून कर्नाटकातून हत्ती येऊ लागले; त्या बाजूला उघड्यावर राहण्याचा बेत वन कर्मचाऱ्यांना विचारल्यावाचून करूच नये. देवराई ही गावाची श्रद्धास्थाने आहेत आणि पुष्कळदा गावाच्या झऱ्याचे मूळही त्यांतच असते. तेथील काडीही मोडू नये, आणि मानकऱ्यांच्या संमतीवाचून तेथे उतरू नये.

गावातून वर जाण्यापूर्वी पोलीस पाटलांकडे नावे, मुक्कामाची जागा आणि परतण्याची वेळ नोंदवून जावे. ज्या रात्री हवामानाची शंका असेल, त्या रात्री गावातील देवळात, शाळेच्या ओसरीवर किंवा एखाद्या घरी आसरा मागण्यात कमीपणा नाही. कोकणातला माणूस अशा वेळी नाही म्हणत नाही. घरी उतरलात तर योग्य मोबदला द्यावा. त्या वाडीलाही तुमच्या भटकंतीचा काही लाभ होऊ द्यावा.

आणि हे सारे उजेडात व्हावे. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तेव्हा चार वाजता चालणे थांबवावे, मग शिखर राहिले तरी चालेल. पहिली जागा पसंत पडली नाही, तर दुसरी शोधण्यास हाताशी दोन तास उरतात. सकाळी निघताना मागे वळून एकदा पाहावे. दबलेल्या गवतावाचून तेथे आपली दुसरी कोणतीही खूण उरली नसेल, तर मुक्काम चांगला झाला असे समजावे.

मित्रहो, त्या रात्री कंदील घेऊन आलेल्या गृहस्थांजवळ हवामानाचे यंत्र नव्हते. त्यांचे सारे आयुष्य त्या व्हाळाच्या काठी गेले होते, आणि अनोळखी पोरांसाठी अंधारात पाण्यात उतरावे एवढी कळकळ त्यांच्या ठायी होती. अशी माणसे प्रत्येक पायथ्याच्या वाडीत आहेत. तुम्ही वर जाण्यापूर्वी त्यांच्या ओसरीवर दहा मिनिटे बसा. “आजोबा, आम्ही अमुक ठिकाणी राहावे म्हणतो, तुम्हाला काय वाटते?” एवढे विचारा, आणि ते जे सांगतील ते ऐका. त्यांचे नावही विचारून घ्या. मी ते विचारले नव्हते. तुम्ही ती चूक करू नये, एवढेच मागणे मागून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!